‘साठ दिवस आधी बुक करा, निम्म्या पैशात जा’: रेल्वे तिकिटाच्या मेसेजमधला एकेक दावा

दिवाळी, लगीनसराई किंवा उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की मराठवाड्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातले दावे असे: रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी ऑनलाइन काढलं तर निम्म्या किमतीत पडतं. रात्री बाराला बुक करा, तेव्हा दर उतरतात. एकच गाडी पुन्हा पुन्हा शोधू नका, साइट भाव वाढवते. खिडकीपेक्षा ऑनलाइन नेहमी स्वस्त. वेटिंग असलं तरी काढून ठेवा, कन्फर्म नाही झालं तर पूर्ण पैसे परत. साठीपुढच्यांना ऑनलाइन ४० टक्के सूट.

यातला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही, आणि दोन तर सरळ खिशाला चाट लावणारे आहेत.

‘साठ दिवस आधी काढलं की निम्मी किंमत’

नंदिग्राम, देवगिरी, तपोवन, राज्यराणी, जनशताब्दी, लातूर-मुंबई या आपल्या नेहमीच्या गाड्यांचं भाडं अंतर आणि वर्ग यांवर ठरतं. मूळ भाडं, त्यावर आरक्षण शुल्क (स्लीपरला २० रुपये, थर्ड एसीला ४०), गाडी सुपरफास्ट असेल तर तो अधिभार (स्लीपर ३०, थर्ड एसी ४५) आणि एसी वर्गाला ५ टक्के जीएसटी, एवढाच हिशेब. जनरल, म्हणजे नेहमीच्या आरक्षण कोट्यातलं तिकीट साठाव्या दिवशी काढा की आदल्या आठवड्यात, रक्कम तीच.

गैरसमज कुठून आला हे समजण्यासारखं आहे. विमानाचं तिकीट लवकर काढलं की बहुतेक वेळा स्वस्त पडतं. खाजगी ट्रॅव्हल्सचे दर दिवाळीत कसे चढतात हे पुण्याहून लातूर-नांदेडला येणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्यात एसटीने १ जुलै २०२५ पासून दीडशे किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला आगाऊ आरक्षण केलं तर पूर्ण तिकिटावर १५ टक्के सूट दिली, गर्दीचा हंगाम वगळून. एसटीची ही गोष्ट रेल्वेच्या नावावर खपली असण्याची शक्यता मोठी आहे.

रेल्वेत लवकर काढण्याने दर कमी पडतो तो राजधानी, शताब्दी आणि दुरांतोमध्ये. तिथे ९ सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आहे: दर १० टक्के जागा विकल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी चढतं, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. तिथेही लवकर येणाऱ्याला मूळ दर मिळतो, सूट नव्हे. नांदेड-मुंबई वंदे भारतला फ्लेक्सी नाही. तिच्यात पैसे वाचवायचे तर बुकिंग करताना जेवण नको हा पर्याय निवडा, जेवणाची रक्कम भाड्यातून वजा होते.

रेल्वेची खरी सूट तर नेमकी उलट्या टोकाला आहे. गाडी सुटण्याआधी प्रवाशांची यादी, म्हणजे पहिला चार्ट लागल्यावर जागा उरल्या तर त्या करंट बुकिंगमध्ये मूळ भाड्यात १० टक्के सवलतीने विकल्या जातात. १ जानेवारी २०१७ पासून ती सर्व आरक्षित गाड्यांना लागू झाली. आठवड्याच्या मधल्या वारी, बिगरहंगामात एकट्या माणसाने यावर भिस्त ठेवली तर चालेल. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चार जणांनी ठेवू नये.

एक गोष्ट मान्य करायला हवी. १ जुलै आणि २६ डिसेंबर २०२५ ला भाडेवाढ झाली, तेव्हा आधीच काढलेल्या तिकिटांवर फरक घेतला गेला नाही. पण ती वाढ किलोमीटरला एक-दोन पैशांची होती.

मग लवकर काढायचं कशाला? तत्काळ टाळण्यासाठी. तत्काळचं जादा शुल्क स्लीपरला माणशी किमान १०० आणि कमाल २०० रुपये, थर्ड एसीला ३०० ते ४००. म्हणजे चौघांच्या घराला स्लीपरचे निदान ४०० आणि थर्ड एसीचे निदान १२०० रुपये नुसते वरचे. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एक रुपया परत येत नाही. कोट्याच्या यादीत तत्काळखाली ‘प्रीमियम तत्काळ’ असतं, तिथे जागा विकतील तसा दर चढतो. घाईत बोट तिकडे पडतं, म्हणून पैसे भरण्याआधी वरचा कोटा एकदा वाचा.

लवकर काढण्याचा हिशेब नीट करा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ मुदत १२० वरून ६० दिवसांवर आली, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. शुक्रवारी ६ तारखेला मुंबईहून निघायचं तर बुकिंग ७ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता उघडेल. आता खरी मेख: दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून. मुंबईहून ६ तारखेच्या रात्री सुटलेली देवगिरी मनमाडला मध्यरात्रीनंतर येते. मनमाडला बसणाऱ्याच्या तिकिटावर ७ तारीख हवी, पण बुकिंग ७ सप्टेंबरलाच उघडतं. तो ८ सप्टेंबरला साइट उघडतो तेव्हा वेटिंग दिसतं. आणि तिकिटावर ६ तारीख टाकली तर आदल्या रात्रीची गाडी बुक होते, जी तो स्टेशनवर पोहोचायच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते.

आणखी दोन अडथळे आधीच दूर करून ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बुकिंग उघडल्यावरची पहिली वेळ आधार पडताळलेल्या खात्यांसाठी राखली आहे, आणि ऑनलाइन तत्काळला तर जुलै २०२५ पासून आधार लागतंच. ही पडताळणी महिनाभर आधी उरका, आठ वाजता ओटीपीची वाट बघत बसू नका. दुसरं, औरंगाबाद स्टेशन आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे आणि कोडही बदलून ‘सीपीएसएन’ झाला आहे. जुना कोड टाकून गाड्या शोधण्यात पहिली दोन मिनिटं जातात, आणि सणाच्या गाडीत त्या दोन मिनिटांत स्लीपर भरतं.

‘रात्री बाराला दर उतरतात’

रात्री पावणेबारा ते बारा वीसपर्यंत बुकिंग बंदच असतं.

‘पुन्हा पुन्हा शोधलं की साइट भाव वाढवते’

भाडं रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेतून येतं, साइट ते फक्त दाखवते. मोबाईल बदला, इतिहास पुसा, रक्कम हलणार नाही. दुसऱ्यांदा आकडा मोठा दिसला तर कारण वेगळं असतं. बहुधा कोटा बदललेला असतो, नाहीतर गाडी स्पेशल असते. नंबर शून्याने सुरू होत असेल तर ती स्पेशल, आणि सणासुदीच्या कितीतरी स्पेशलना तत्काळसारखं जादा भाडं असतं. वेळ सोयीची दिसली म्हणून तिच्यावर उडी मारण्याआधी त्याच दिवशीच्या नेहमीच्या गाडीचं भाडं शेजारी ठेवून बघा.

रक्कम खरोखर बदलते ती अंतर आणि वर्गामुळे. स्लीपरला किमान २०० किलोमीटरचं भाडं लागतं. परभणीहून जालन्याला उतरा की संभाजीनगरला, दोन्ही २०० च्या आत, म्हणून त्याच गाडीच्या स्लीपरला पैसे सारखेच. एवढ्या पल्ल्यासाठी दिवसा मराठवाडा एक्सप्रेस किंवा तपोवनचं सेकंड सीटिंग घेणं कधीही शहाणपणाचं. लांबचा प्रवास दोन तिकिटांत तोडला तर आरक्षण शुल्क दोनदा बसतं आणि लांब पल्ल्याला मिळणारा कमी दरही हातचा जातो.

‘ऑनलाइन नेहमी खिडकीपेक्षा स्वस्त’

उलट आहे. खिडकीवर सुविधा शुल्क नाही. ऑनलाइन बिगरएसी तिकिटाला यूपीआयने ११.८० रुपये आणि कार्डाने १७.७० लागतात, एसीला २३.६० आणि ३५.४०. हे दर तिकिटाला असतात, माणशी नव्हे. चौघांची चार तिकिटं वेगळी काढली तर ४७.२० आणि एकत्र काढली तर ११.८०. एका तिकिटावर सहा जण बसतात, तत्काळला चार.

स्टेशन जवळ असेल तर खिडकी बरी. तालुक्याहून तीस-चाळीस किलोमीटर जायचं असेल तर बसभाड्यापुढे हे बारा रुपये काहीच नाहीत. नेट कॅफेत काढत असाल तर अधिकृत एजंटाला तिकिटामागे बिगरएसीला २० आणि एसीला ४० रुपये घेता येतात. त्याहून जास्त मागितले तर पावती मागा. स्वतःच्या खाजगी आयडीवरून तिकिटं काढून विकणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, आणि असं तिकीट पकडलं गेलं तर प्रवास तुमचा बुडतो.

‘वेटिंग काढून ठेवा, पूर्ण पैसे परत येतात’

सगळ्यात महागात पडणारा दावा हाच. वेटिंग राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं, पण माणशी ६० रुपये कापले जातात. चौघांचे २४०, वर सुविधा शुल्क गेलं ते वेगळं. तीन गाड्यांत वेटिंग काढून ठेवणाऱ्याचे ७२० रुपये जाऊ शकतात. आणि कन्फर्म झालेलं बरेच दिवस आधी रद्द केलं तरी स्लीपरला माणशी १२०, थर्ड एसीला १८० जातातच. उशीर कराल तशी कपात वाढते.

वेटिंगचा आकडा एकटा काही सांगत नाही, त्याआधीची अक्षरं बघा. ‘जीएनडब्ल्यूएल’ म्हणजे गाडीच्या मुख्य कोट्यातलं, ते जास्त हलतं. ‘आरएलडब्ल्यूएल’ आणि ‘पीक्यूडब्ल्यूएल’ मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यातली असतात. आरएलडब्ल्यूएल १२ अडकून राहतं आणि जीएनडब्ल्यूएल ३० निघतं, असं सर्रास होतं.

परभणीकरांसाठी यावर एक रस्ता आहे. नांदेडहून सुटणाऱ्या गाडीत परभणीचा कोटा संपला असेल तर नांदेड-मुंबई शोधा. जागा दिसली तर तिकीट नांदेडपासून घ्या आणि बुकिंग करतानाच बोर्डिंग स्टेशन परभणी निवडा. साठेक किलोमीटरचं भाडं जास्त जाईल, ते तत्काळपेक्षा पुष्कळ कमी. पण बोर्डिंग बदलायला विसरलात तर नांदेडला बर्थ रिकामा दिसेल आणि तिकीट तपासनीस (टीटीई) तो दुसऱ्याला देऊन टाकू शकतो.

‘साठीपुढच्यांना ४० टक्के सूट’

ही सवलत २० मार्च २०२० पासून बंद आहे. दिव्यांग, ठरावीक आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती चालू आहेत. वय टाकून पैसे कमी होत नाहीत, पण एक उपयोग होतो. कोट्यात ‘लोअर बर्थ / सीनिअर सिटिझन’ निवडलं तर ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना खालच्या राखीव बर्थमधून जागा मिळू शकते. अट अशी की तिकिटावर एक किंवा दोनच माणसं हवीत आणि दोघंही या वयात बसणारी. म्हणून आईवडिलांचं तिकीट घरच्या चौघांत मिसळू नका, दोघांचं वेगळं काढा. त्याला बिगरएसीत यूपीआयने ११.८० रुपये जास्त लागतील.