700 फुटांचं अभिनंदन कसलं?

आज सकाळी ग्रुपवर नव्या बोअरचा फोटो: नारळ, अगरबत्ती, कॉम्प्रेसरचा फवारा आणि खाली "700 फुटांवर तीन इंची पाणी, अभिनंदन!" डोकंच फिरलं.

अभिनंदन कसलं रे भो? जळगावच्या यावल-रावेर पट्ट्यात 700 फूट जावं लागतं म्हणजे वरचे वाळूचे थर आपण पिऊन बसलो. दुखवट्याची पोस्ट आहे ती!

त्या 700 फुटीचं पुढचं सगळं ठरलेलं आहे. पाणी उतरलं की आणखी पाइप सोडायचे. उचल वाढली की तीच मोटर कमी पाणी फेकते. मग जास्त स्टेजचा पंप, जास्त एचपी, नवी केबल. एप्रिलमध्ये बोअर गुळण्या टाकतो, म्हणजे थांबून थांबून हवेसोबत पाणी फेकतो, आणि कोरडं चालणं रोखणारा स्विच नसेल तर वाइंडिंग जळतं. आपल्या गाळाच्या जमिनीत चाळणी पाइपाभोवती खडी नीट भरली नाही तर बारीक वाळू येते. ती आधी इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चक्र, खाते, मग ठिबकचा फिल्टर तुंबवते.

हो, केळी ठिबकवर आली, मान्य. पण पाच बाय पाच फुटांवर एकरी 1,740 झाडं, उन्हाळ्यात झाडाला रोज 20 लिटर धरले तर एकरी 35,000 लिटर. रोज! आणि वाचलेल्या पाण्यावर काय केलं? आणखी कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावायची केळी, लावली.

सौदीने वाळवंटाखालचं हजारो वर्षांचं पाणी उपसून गहू पिकवला, 2016 मध्ये सरकारने तिथल्या गव्हाची खरेदीच थांबवली. त्यांना ते पाणी परत भरून देणारा पाऊस नाही. आपल्याला सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा आहे, गोटे-वाळूचा, पाऊस गिळणारा. तरी हे हाल.

असो. बाग निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळेला, आणि विहीर कोरडी, तर माणूस कर्ज काढून बोअर घेणारच. त्याला काय बोलणार?

पण 700 फुटी घेतलाच आहे तर शेजारचा जुना बोअर बुजवू नका, त्यातून पावसाचं पाणी जमिनीत परत मुरवा. केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या तोंडाच्या पाइपाभोवती, सहा बाय सहाचा, आठ फूट खोल खड्डा घ्या. केसिंगच्या खड्ड्यातल्या खालच्या भागाला बारीक भोकं पाडून नायलॉन जाळी गुंडाळा. तळाला दगड, त्यावर खडी, वर जाड वाळू. पाणी नाल्याचं, तेही आधी दुसऱ्या खड्ड्यात निवळलेलं; शेतातलं खता-औषधाचं अजिबात नको. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी सोडून द्या. मे महिन्यात वरची वीतभर वाळू काढून धुवा, नाहीतर गाळ बसतो आणि खड्डा नुसते डास पाळतो.