मोर काळा दिसत होता, हे तुम्ही सांगितलं होतं

काका, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. काल सकाळी दुकान उघडल्याबरोबर तुमच्या दोन्ही पावत्या शोधून काढल्या. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय ते थोडक्यात असं: स्क्रीन पिवळी पडली म्हणून निलंग्याहून एसटीनं, मॉनिटर मांडीवर घेऊन दोनदा लातूरला आलात. दोन्ही वेळा आम्ही "मॉनिटर ओके आहे" म्हणालो आणि चेकिंगचे 250-250 रुपये घेतले. त्या भरवशावर तुम्ही एका लग्नाची पत्रिका केली, तर स्क्रीनवर लाल दिसणारी नवरानवरीची नावं छापून राणी कलरची आली. 400 पत्रिका वाया गेल्या. शेवटी भाच्यानं 150 रुपयांची वायर बदलली आणि पाच मिनिटांत काम झालं. वर तुम्हाला असंही वाटतंय की आम्ही मॉनिटरच्या आतला पॅनल बदलून घेतला.

ही पॅनलची गोष्ट सोडली तर बाकी सगळं खरं आहे, आणि चूक आमची आहे. पहिल्या खेपेला मी एका शाळेच्या लॅबच्या कामासाठी उदगीरला होतो. पण दुसऱ्या खेपेला मी स्वतः काउंटरवर होतो. मॉनिटर लावून बघितला, रंग व्यवस्थित दिसले, आणि "बिनधास्त काम करा" हे वाक्य माझंच आहे. त्यामुळं पोरांवर ढकलण्यासारखं यात काही नाही.

आता घडलं काय ते सांगतो, कारण दोन चकरा मारूनही ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही फक्त मॉनिटर आणत होतात. आम्ही तो आमच्या टेबलावर, आमच्या वायरीनं, आमच्या सीपीयूला जोडत होतो. दुखणं होतं तुमच्या वायरीत, आणि ती वायर निलंग्यातच राहत होती. दहा वेळा आणला असतात तरी आमच्याकडं तो चांगलाच दिसला असता. "वायर आणली का?" एवढं विचारायचं काम आमचं होतं. गिऱ्हाईकानं काय आणायचं हे गिऱ्हाईकाला कसं माहीत असणार?

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तुम्ही पहिल्याच दिवशी काउंटरवर म्हणालात, "पत्रिकेतला मोर काळा दिसायलाय." पोराला विचारलं, त्याला हे वाक्य अजून आठवतंय. पण पावतीवर त्यानं लिहिलं "डिस्प्ले यलो". दुसऱ्या खेपेला मी ती पावती वाचली आणि तुमच्याशी नीट बोललोच नाही. मोराचा शब्द माझ्या कानावर पडला असता तर मॉनिटर टेबलावर ठेवायच्या आधीच मी वायर मागितली असती.

तुमच्या मॉनिटरला 15 पिनांची व्हीजीए वायर लागते. त्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगळ्या पिनांतून येतात. वरच्या ओळीतली एक नंबरची पिन लाल, दोन नंबरची हिरवी, तीन नंबरची निळी. तुम्ही रिव्ह्यूबरोबर टाकलेल्या फोटोत ती तीन नंबरची पिन पार आडवी झोपलेली दिसते. वायर घाईत तिरकी घुसवली की असं होतं. (तळच्या-वरच्या दोन ओळींच्या मधल्या ओळीत एक जागा रिकामी दिसते, ती नऊ नंबरची. ती पिन बऱ्याच वायरींना कंपनीतूनच नसते, तिथं काही तुटलेलं नाही.) निळा गेला की पांढरं सगळं हळदीसारखं पिवळं होतं, कारण लाल आणि हिरवा प्रकाश मिळून पिवळाच होतो. आणि मोराच्या निळ्या गळ्यात दाखवायला काही उरत नाही, म्हणून तो काळा पडतो. हिरव्याची पिन गेली असती तर स्क्रीन जांभळट गुलाबी दिसली असती, लालची गेली असती तर निळसर हिरवी.

तुमच्या 400 पत्रिकाही याच पिनेनं घालवल्या. राणी कलर म्हणजे स्क्रीनवर लाल आणि निळा एकत्र. त्यातला निळा काढा, उरतो लाल. म्हणजे त्या दिवसांत तुमच्या स्क्रीनवर लाल आणि राणी हे दोन रंग जवळपास एकसारखेच दिसत होते. तुम्ही डोळ्यांनी बघून लाल निवडलात, फाईलमध्ये राणी पडला, आणि प्रेसनं फाईलमध्ये होतं ते छापलं. तुमची नजर चुकली नाही, प्रेसवालाही चुकला नाही. खराब स्क्रीनवर "बिनधास्त काम करा" म्हणणारा चुकला.

तुम्ही असंही लिहिलंय की वायर बदलल्यावरसुद्धा रंग पहिल्यासारखे वाटत नाहीत, भडक वाटतात. हेही आमच्यामुळंच. तपासताना आमच्याकडून मॉनिटरच्या मेनूतून रिसेट मारला गेला, म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षं जुळवून ठेवलेली सेटिंग पुसली गेली. तुम्हाला न विचारता ते करायला नको होतं. तूर्तास मेनूत कलर टेंपरेचर 6500 करा. आकडे नसतील तर 'कूल' काढून 'नॉर्मल' किंवा 'वॉर्म' ठेवा. मग तुमच्या कामाच्या जागी, नेहमीच्या उजेडात, पत्रिकेचा कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनचा पांढरा त्या कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. तरी स्क्रीन आणि शाई शंभर टक्के जुळणार नाहीत, एक प्रकाश आहे आणि दुसरी कागदावरची शाई. म्हणून कुंकवाचा लाल डोळ्यावर न सोडता कोरलमध्ये, म्हणजे पत्रिका करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, छपाईच्या चार शायांच्या आकड्यानं द्या: एम (मॅजेंटा, म्हणजे राणी) 100, वाय (यलो, म्हणजे पिवळा) 100, बाकी दोन्ही शून्य. आकडा कुठल्याही स्क्रीनवर बदलत नाही.

पॅनलच्या संशयाबद्दल. तुमचा राग मला समजतो, पण हे मी मान्य करू शकत नाही, कारण ते झालेलं नाही. आम्ही तुमचा मॉनिटर उघडलाच नाही. तुम्हाला खात्री करायची असेल तर दुकानात या. तुमच्यासमोर मागचं कव्हर काढतो, आतली धूळ तुम्हीच बघा. इतक्या वर्षांची धूळ बोटं न उमटता तशीच असेल.

पैशाचं बोलतो. चेकिंगचे 500 रुपये आजच परत पाठवतो. भाच्यानं आणलेल्या वायरीचे 150 आमच्याकडं. आणि त्या 400 पत्रिकांच्या कागदाचं व छपाईचं बिल पाठवा, ते पूर्ण मी देणार. लग्नाच्या घरी पुन्हा पत्रिका छापून देताना तुम्हाला काय ऐकून घ्यावं लागलं असेल, त्याची भरपाई मला करता येत नाही. त्यासाठी मी तुमची आणि त्या घरची मनापासून माफी मागतो.

दुकानात कालपासून दोन गोष्टी बदलल्या. रंगाची तक्रार आली की वायर आणि सीपीयू आणल्याशिवाय चेकिंग नाही, पैसेही नाहीत. आणि पावतीवर गिऱ्हाईकाचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, आपल्या भाषेत फिरवायचं नाही. लांबून येणाऱ्यांना तर निघायच्या आधी फोनवरच दोन गोष्टी करून बघायला सांगणार आहोत. एक, वायर काढून मॉनिटर चालू ठेवा. 'नो सिग्नल'ची पाटी मॉनिटर स्वतः दाखवतो, ती नेहमीच्या रंगात आली तर दुखणं बहुतेक वायरीत नाहीतर सीपीयूकडं आहे. दुसरी, कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलवर पाठवा. मोबाइलमध्ये मोर निळा दिसला, तर फाईल चांगली आहे आणि बिघाड पुढं कुठंतरी आहे. या दोन गोष्टी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितल्या असत्या तर एकदाही एसटीत बसावं लागलं नसतं.

स्क्रीनचे रंग नीट जुळवून द्यायला मी स्वतः येत्या रविवारी निलंग्याला येतो, तुम्हाला चालत असेल तर. मॉनिटर घेऊन तुम्ही आता येऊ नका. आणि ती वाकलेल्या पिनेची वायर टाकून दिली नसेल तर जपून ठेवा. ती मला दुकानात, चेकिंगच्या टेबलावर टांगायची आहे.