मेयोनीजवाल्यांनो, तुमच्यामुळं

डोकं सटकलंय, म्हणून लिहितोय. टिळकवाडीत आमच्या घराजवळ एक छोटं मेक्सिकन हॉटेल आहे. आज टाको मागवला तर काय आलं? मैद्याची मऊ पोळी, आत पिवळं चीज, वरून गोड मेयोनीज. मक्याची कुठं गेली म्हणून विचारलं. मालक पोरगाच, म्हणाला, "बंद केली सर. लोकांना कोरडी लागते. चीज वाढवा म्हणतात."

कोण हे लोक? आपलेच की! घरात भाकरीबरोबर खरडा चापणारे. हॉटेलात पाय ठेवला की यांना तिखट सोसत नाही.

मागच्या दिवाळीत आत्याला तिथं नेलं होतं. खानापूरकडची बाई, बाहेर खाणं म्हणजे पैशाची नासाडी असं तिचं ठाम मत. तिनं टाको उलटा करून भाजल्याचे काळे डाग बघितले, एक तुकडा मोडून नाकाशी धरला आणि म्हणाली, "मक्याचीच की रे. चुना घातलाय काय?" जन्मभर पान खाल्लेली बाई, तिला चुना कळणार नाही तर कुणाला? बरोबर ओळखलं तिनं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी सालं चोळून धुवायची आणि ओलाच वाटायचा. मेक्सिकोत हे हजारो वर्षं चाललंय. चुन्यामुळं मक्यातलं नायसिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, अंगी लागतं. युरोपात मका गेला, ही रीत गेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला, म्हणजे नायसिन कमी पडून होणारा आजार. एवढं सगळं हा पोरगा टिळकवाडीत बसून करत होता, आणि आम्ही त्याला चीज वाढवायला लावलं!

वर परत "असलं फॉरेनचं कशाला" म्हणणारे आहेतच. अहो, मका, टोमॅटो, मिरची सगळं तिकडूनच आलंय. पोर्तुगीजांनी मिरची आणली नसती तर आपल्या संकेश्वरच्या मिरचीचा तोरा कुठला?

मैद्याचीही असते, मान्य. मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोराकडं, गव्हाचीच खातात. पण त्यावर गोड मेयोनीज ओतत नाहीत.

पोरग्यावर राग नाही माझा. भाडं द्यायचंय, गॅस भरायचाय, शाळेची पोरं चीजच मागतात. आत्याला त्यानं भाजलेल्या टोमॅटो-मिरचीची चटणी वाटीभर आणून दिली होती, वेगळे पैसेही लावले नाहीत. तिनं बोटानं वाटी पुसून खाल्ली, आणि वर "मीठ जरा कमी हाय" म्हणून सांगितलंच. तो हसून म्हणाला, "पुढच्या वेळी घालतो आज्जी." अशा माणसाला मैदा लाटत बसवलंय तुम्ही.

आज निघताना त्याला विचारून आलोय. आठ-दहा जण असले तर मक्याची करतो म्हणाला, पण आदल्या दिवशी सांगायला लागतंय. रविवारी रात्री जाऊया. कोण कोण येणार ते खाली लिहा. आत्या येतो म्हणालीय. मेयोनीज मागणार असाल तर येऊ नका.