पाण्याच्या 'फ्यूजन'वर मोटार? बुकिंगचे पैसे भरण्याआधी हे वाचा

"सूर्याचं तंत्र आता शेतात! एक लिटर पाण्याच्या फ्यूजनवर पाच एचपीची मोटार दिवसभर. किरणोत्सर्ग शून्य. अमेरिकेने २०२२ मध्ये सिद्ध केलं. बुकिंग फक्त अकरा हजार." हा व्हिडिओ कोल्हापूर-कागलच्या ग्रुपांवर फिरतोय. काल दाजींनी तो पाठवून विचारलं, "भरू काय पैसे?" रात्रीची लाईट आली की उसाला पाणी पाजायला उठणाऱ्या माणसाला असं गंडवायचं, याचा संताप येतो.

व्हिडिओ थांबवून बघा. बरणीत दोन पट्ट्या, त्यांवर बुडबुडे आणि टेबलाखाली गेलेली लाल-काळी वायर. हे पाण्याचं विद्युत अपघटन आहे, शाळेत करतात तेच. यात पाण्याचा रेणू फुटतो; फ्यूजन ज्यात घडतं त्या अणुकेंद्रकाला धक्काही लागत नाही. शिवाय फोडायला जेवढी वीज जाते तेवढी निघालेला हायड्रोजन वायू जाळून परत मिळत नाही.

फ्यूजनमध्ये हलकी केंद्रकं जुळून जड केंद्रक बनतं, वस्तुमान किंचित घटतं आणि त्याचीच ऊर्जा होते. पण केंद्रकं धनभारित, एकमेकांना ढकलणारी. ती भिडायला सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे. इथे सूर्यासारखा दाब नाही, म्हणून चुंबकीय भट्टीत दहा कोटींच्या वर जावं लागतं. काचेच्या बरणीत?

'किरणोत्सर्ग शून्य' हे तर सगळ्यात घातक. ड्युटेरियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचेच जड प्रकार) जुळले की हेलियम बनतो आणि केंद्रकातला एक वेगवान कण, न्यूट्रॉन, सुटतो; हाच किरणोत्सर्ग. पाच एचपीइतकी ऊर्जा अशी काढायची तर सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतके न्यूट्रॉन सुटतील. जाड कवचाशिवाय शेजारी उभा राहणारा काही सेकंदांत प्राणघातक मात्रा घेईल. व्हिडिओतला माणूस बरणीवर हात ठेवून बोलतोय. म्हणजे आत फ्यूजन नाहीच.

अमेरिकेचं म्हणाल तर ५ डिसेंबर २०२२ ला लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा देऊन ३.१५ मिळाली, हे खरं. पण ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली. इंधनही नळाचं पाणी नव्हतं. फ्यूजनची वीज आजवर जगात कुठल्याच ग्रिडवर आलेली नाही.

समुद्राच्या पाण्यात ड्युटेरियम असतं, साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक, एवढं मान्य. पण तेवढ्यानं बरणीत फ्यूजन होत नाही.

दाजींनी पैसे भरलेले नाहीत. तुमच्यापैकी कुणी भरले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला आजच फोन करा, व्यवहाराचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा.