बेडूक असताना बुलफ्रॉग कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

‘बुलफ्रॉग’ शब्दाची रोजच्या वापरातली वाक्यं देणाऱ्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: मराठीत ‘बेडूक’ आहे, मग बुलफ्रॉग वाक्यात कोंबायचं कारण नाही. मी दिलेली वाक्यं कुणी बोलत नाही. आणि वेगळं नाव हवंच असेल तर ‘वृषभमंडूक’ लिहावं. शिवाय ‘मराठीची सेवा जमत नसेल तर निदान वाट लावू नका’ हेही आहेच. ते राहू दे. बाकीच्याला उत्तर द्यायला हवं आणि ते दोन ओळींत मावणार नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितेय.

वाक्यांबद्दल तुमचं खरं आहे. ‘बुलफ्रॉग विहिरीच्या काठावर बसला आहे’ असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलेलं नाही. लेख निघाला भाचीच्या गृहपाठातून. इंग्रजीच्या वहीत ‘बुलफ्रॉग’ वापरून पाच वाक्यं लिहायची होती. ती विचारायला आली आणि पहिलाच प्रश्न टाकला, “मावशी, हा तोच का, बैलाएवढा व्हायला गेला आणि फुटला तो?” मी हसले खरी, पण मोठ्या माणसांचाही तोच समज असतो की मोठा म्हणून ‘बुल’. नाव आकारावरून नाही, आवाजावरून पडलंय. मिरगाचा पाऊस लागला की भातखाचरातून रात्री जो आवाज येतो तो पुस्तकातला ‘डराव डराव’ नसतो. खोल, घशातून आलेला, थांबून थांबून येणारा. बैल डुरकतो तसा. म्हणजे मराठीत सांगायचं तर हा डुरकणारा बेडूक. ‘डुरकणे’ हे क्रियापद लेखात यायला हवं होतं, ते मला सुचलं नाही ही माझी चूक.

आता ‘वृषभमंडूक’. तुमच्या आधी, फार फार आधी, हे कुणाच्या तरी कानाला जाणवलेलं आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खं सूक्त आहे, १०३वं. पावसाबरोबर बेडूक बोलू लागतात, एक बोलला की दुसरा त्याच्यामागे, जसे शिष्य गुरूच्या मागे म्हणतात, असं त्यात वर्णन आहे. त्यातच ‘गोमायुरेको अजमायुरेकः’ येतं. एकाचा आवाज गाईसारखा, एकाचा बोकडासारखा. एक ठिपक्यांचा, एक हिरवा. गाईसारख्या आवाजाचा बेडूक! बुलफ्रॉगला याहून जवळचा शब्द कुठून आणणार? वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं, तुमच्यासाठी शब्द सापडला. पण पुढच्या संस्कृतात ‘गोमायु’ म्हणजे चक्क कोल्हा. पंचतंत्रातला नगारा फोडणारा गोमायु कोल्हाच आहे. तेव्हा तो शब्द कोल्ह्याने पळवला, परत मागायची सोय नाही. आणि ‘वृषभमंडूक’ म्हणाल तर तो शब्द परिभाषाकोशात शोभेल, पण खाचरात पाय बुडवून उभी असलेली बाई तो उच्चारेल असं मला वाटत नाही. ‘बैलबेडूक’ त्या मानाने बरा, फक्त तो ऐकला की भाचीची फुटणारी बेडकी पुन्हा आठवते.

शब्द आपला झाला की नाही, हे ओळखायची माझी एक घरगुती खूण आहे. विभक्ती लावून बघायची. माणूस – माणसाला, बेडूक – बेडकाला. मधला ऊकार पडतो आणि कुणी शिकवावं लागत नाही. टेबल बाहेरून आलं, पण आपण ‘टेबलावर’ म्हणतो, ‘बँकेत’ म्हणतो. त्यांना सामान्यरूप मिळालं, ती घरची झाली. ‘बुलफ्रॉगाला’ मात्र जिभेवर येत नाही, ‘बुलफ्रॉगला’च येतं. म्हणजे पाहुणा अजून ओसरीवरच आहे. इथवर मी तुमच्या बाजूची.

पण पाहुण्याला हाकलायलाही मी तयार नाही, कारण ‘बेडूक’ पुष्कळदा पुरत नाही. आपल्याकडे बेडूक किती तरी जातींचे. त्यातला हा आपल्याकडचा बुलफ्रॉग एक, हिरवट, अंगावर काळसर ठिपके, बहुधा पाठीवरून एक फिकट रेघ. पहिल्या मोठ्या पावसात याचे नर पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या. दरवर्षी पाऊस सुरू झाला की याच पिवळ्या बेडकांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि खाली कुणीतरी ‘विषारी आहेत, लांब राहा’ असं लिहितं. विषारी वगैरे काही नाही, तो माद्यांना बोलावत असतो. रंगही काही दिवसांत उतरतो. हे सगळं ‘बेडूक पिवळा होतो’ इतकंच लिहून सांगितलं तर खोटं ठरतं. सगळे बेडूक होत नाहीत.

खरं सांगायचं तर नुसतं ‘बुलफ्रॉग’ लिहिणंही अपुरंच. इंग्रजीतही हे एका प्राण्याचं नाव नाही. अमेरिकेतला बुलफ्रॉग वेगळा, आफ्रिकेतला वेगळा, आपला वेगळा. आज शास्त्रज्ञ त्यांना तीन निरनिराळ्या कुळांत घालतात. गंमत म्हणजे अमेरिकन आणि भारतीय, दोघांना शास्त्रीय नावं एकाच वर्षी मिळाली, १८०२ साली. तिकडच्याला शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी दिलं, आपल्याकडच्याला दोदँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकांनी. आपल्याच्या नावात ‘टायगेरिनस’ आहे, म्हणजे इंग्रजीत बैल आणि लॅटिनमध्ये वाघ! माझ्या चौथ्या वाक्यात ‘नर बुलफ्रॉगचा गळा पिवळा असतो’ असं होतं. ते अमेरिकनचं वर्णन, आपल्याकडच्याला चिकटवलं गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, तुमच्याही नाही.

आणि तुमच्या नजरेतून निसटलेलं आणखी एक, जे मला जास्त लागलंय. तिसरं वाक्य होतं, ‘गोव्यात पावसाळ्यात बुलफ्रॉग चवीने खातात.’ तुम्ही त्यातल्या ‘बुलफ्रॉग’वर बोट ठेवलंत. मी आता ‘चवीने’वर ठेवते. तिथे ‘जंपिंग चिकन’ म्हणून तो विकला जायचा आणि चोरून अजूनही पकडला जातो, हे खरं. पण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं-मारणं गुन्हा आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, तीही उगाच नाही; शेतातली कीड खाणारं जनावर पोत्यांनी परदेशी चाललं होतं. पहिल्या पावसात, अंडी घालायच्या वेळेलाच, ओरडून स्वतःचा पत्ता सांगणाऱ्या नराला बॅटरीच्या उजेडात उचलायचं, हे वाक्य मी पाचवीतल्या मुलीला रोजच्या वापरातलं म्हणून दिलं होतं.

उलट टोकाला अंदमान. तिथे हाच बेडूक मुख्य भूमीवरून पोचला आणि आता तिथल्या प्राण्यांना डोईजड झालाय. याचे बेडूकमासेसुद्धा दुसऱ्या बेडकांचे बेडूकमासे खातात. ‘अंदमानात बेडूक वाढले’ असं लिहिलं तर तिथल्या मूळच्या बेडकांवर केवढा अन्याय होईल बघा.

तर लेखात बदल केलेत. तिसरं वाक्य काढलं, चौथं सुधारलं. जिथे नुसतं कुणीतरी डबक्यात उडी मारतंय तिथे सरळ ‘बेडूक’ केलंय. जिथे हाच बेडूक अभिप्रेत आहे तिथे ‘भारतीय बुलफ्रॉग’ ठेवलाय आणि तो ओरडत नाही, डुरकतो. रिकाम्या जागी भाचीचं वाक्य घातलं: ‘आमच्या विहिरीत बुलफ्रॉग आहे, पण आजी त्याला बेडूकच म्हणते.’

तुम्ही वाईकडचे आहात असं प्रतिक्रियेत लिहिलंय. तिकडे भातखाचरातल्या या पिवळ्याला वेगळं नाव आहे का? घरातल्या जुन्या माणसांना विचारून कळवा. असेल तर ‘बुलफ्रॉग’ खोडून तेच घालीन.