अंतर पाळलं ते पिशव्यांनी

"कोरोनात अंतर ठेवून काय उपयोग झाला ओ?" असं विचारणारा सांगलीत कट्ट्याकट्ट्यावर भेटतो. अरे बाबा, ठेवलं कधी होतंस? रेशन दुकानापुढं चुन्याचे चौकोन. चौकोनात पिशव्या रांगेत, आणि त्यांचे मालक लिंबाखाली खांद्याला खांदा लावून, मास्क हनुवटीला, तंबाखू मळत! एकाही पिशवीला कोरोना झाला नाही, हे मात्र खरं.

मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबातनं रुग्ण वाढत गेले. संपर्कातली माणसं शोधून वेगळी ठेवली, परिसर सील केला, तेव्हा साखळी तुटली. आपल्याच जिल्ह्यातलं हे, पण कुणाला आठवत नाही. आमचा गडी बँकेच्या रांगेत आजही मानेवर खोकतो, वर म्हणतो, "सरका की पुढं!" कुठं सरकू? काउंटरवर चढू?