फोर बाय फोर घेताना भाव नेमका कुठे करायचा?

गेले काही महिने फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या गाडीच्या शोधात मी कोल्हापूरजवळच्या उचगाव, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यातल्या बऱ्याच शोरूमच्या पायऱ्या चढलो. त्यातून या खरेदीविषयी माझे एक मत पक्के झाले आहे. बहुतेक ग्राहक सगळी घासाघीस ‘डिस्काउंट किती देताय?’ या एकाच प्रश्नावर करतात, आणि फोर बाय फोरच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न सर्वांत कमी उपयोगाचा असतो. डीलरकडे टू व्हील ड्राइव्हच्या गाड्या रांगेने उभ्या असतात, फोर बाय फोर मात्र एखादीच असते किंवा मागवावी लागते. अशा गाडीवर रोख सवलत देण्याची त्याला गरजच नसते. पैसे वाचतात ते दोन ठिकाणी. एक, कोणते व्हेरिएंट घ्यायचे हे शोरूममध्ये जाण्यापूर्वी ठरवण्यात. आणि दोन, कोटेशनच्या एकेका ओळीवर.

आधी निवडीबद्दल. आपण वर्षातून ज्या सर्वांत वाईट रस्त्याने खरोखर जातो, तो रस्ता कोणता, हे स्वतःला विचारावे. आमचे गाव गगनबावड्याकडे आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर घरापर्यंत पाणंद आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिचा तांबडा राडा होतो आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांनी तिच्यात चांगल्या खोल चाकोऱ्या पडतात. तिथे साधी गाडी पोटावर टेकते आणि चाके जागच्या जागी फिरत राहतात. ज्यांचा सर्वांत वाईट रस्ता आंबा घाट किंवा फोंडा घाट आहे, त्यांना फोर बाय फोरची गरज नाही, असे मी स्पष्टच म्हणेन. घाटात जीव वाचतो तो चांगले टायर, चांगले ब्रेक आणि चालवणाऱ्याच्या डोक्यामुळे. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी लवकर थांबत नाही. लेह-मनालीचे स्वप्न दाखवून ही गाडी विकणारेही भेटतात, परंतु उन्हाळ्यात त्या रस्त्याने साध्या गाड्याही जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘फोर बाय फोर’ या एकाच नावाखाली दोन वेगळी यंत्रे विकली जातात. ग्रँड विटारा किंवा हायरायडरमधली ऑल व्हील ड्राइव्ह ही प्रामुख्याने निसरड्या रस्त्यावर आपोआप मदतीला येणारी व्यवस्था आहे, तिला लो रेंज गिअर, म्हणजे अगदी कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर, नाही. थार, पाच दरवाज्यांची थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी, गुरखा आणि फॉर्च्युनर यांच्या फोर बाय फोर व्हेरिएंटमध्ये लो रेंज आहे, आणि चिखलातून किंवा खड्या दगडी चढावरून गाडी मुंगीच्या पावलाने वर काढायची असेल तर तीच कामाला येते. यातल्या बहुतेक गाड्यांना मधले डिफरन्शियल, म्हणजे वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसते. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळणे घेतली की पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये ताण साठतो, स्टीअरिंग जड होते आणि ट्रान्समिशनवर विनाकारण भार येतो. ही गोष्ट एकाही शोरूममध्ये मला आपणहून सांगण्यात आली नाही. एका ठिकाणी तर ‘हायवेला पण फोर हायमध्येच ठेवा, साहेब, ग्रिप मिळते’ असा सल्ला मिळाला.

पाण्याबद्दलही थोडे लिहितो, कारण आपल्याकडे त्याचे आकर्षण फार आहे. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, गुरख्याची ७०० मिलिमीटर. हे आकडे संथ पाण्याचे आहेत. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण ती गाठण्याच्या कितीतरी आधी जिल्ह्यातले बंधारे एकामागून एक पाण्याखाली जातात, आणि वाहत्या पाण्यात गुडघाभर खोलीतही गाडी आडवी सरकते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता, तेव्हा सगळ्यांच्याच गाड्या सारख्याच अडकल्या. बंधाऱ्यावर पाणी आले की लांबच्या पुलावरूनच जावे लागते, गाडी कोणतीही असो.

आता आमच्या घरापुरते. आम्ही पाच जण, त्यांत आई सत्तरीच्या पुढची, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कोकणात किंवा गोव्याकडे फेरी. मित्रांचे म्हणणे एकच होते, ‘भावा, थार घे, नादखुळा गाडी हाय.’ गाडी नादखुळा आहेच, पण तीन दरवाज्यांची थार चौघांची आहे आणि मागे बसण्यासाठी पुढची सीट दुमडून आत शिरावे लागते. जिम्नी वजनाला जेमतेम बाराशे किलो असल्यामुळे चिखलात कमालीची चालते, परंतु तीही अधिकृतपणे चौघांचीच आहे. गुरख्याला पुढच्या आणि मागच्या दोन्ही अॅक्सलला डिफरन्शियल लॉक, म्हणजे एक चाक जागीच फिरू लागले तरी दुसऱ्याला ताकद पोहोचवणारी सोय, कारखान्यातूनच येतो. निव्वळ यंत्र म्हणून ती मला सर्वांत प्रामाणिक गाडी वाटली, मात्र रोज शहरात फिरवण्यासाठी ती अवजड आहे आणि ऑटोमॅटिक गिअर तिच्यात मिळत नाही. फॉर्च्युनरची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. उरल्या रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन. दोन्हींत फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळते.

निर्णय शेवटी आईने केला म्हटले तरी चालेल. दोन्ही गाड्यांजवळ आम्ही तिला मुद्दाम नेले. रॉक्समध्ये चढताना सेल्समनने ‘मावशी, आधी हँडल धरा, मग पाय ठेवा’ असे शिकवले, आणि ती चढलीही. उतरताना मात्र साडीचा काठ साइड स्टेपच्या टोकाला अडकला आणि एक पाय हवेत, एक पायरीवर अशी ती क्षणभर थांबली. ‘गाडी झ्याक हाय रं, पन उतरताना पाय कुठं टेकायचा?’ हा तिचा प्रश्न कोणत्याही ब्रोशरमध्ये नव्हता. स्कॉर्पिओ-एनही उंचच आहे, पण तिच्या मागच्या दारातून ती दोनदा चढली-उतरली आणि काही बोलली नाही. ज्यांच्या घरी वयस्क माणसे आहेत त्यांनी टेस्ट ड्राइव्हच्या आधी ही परीक्षा घ्यावी. टेस्ट ड्राइव्हसाठी पुढे येते ती बहुधा टू व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक, आणि तावडे हॉटेलपासून पुलापर्यंत सरळ रस्त्यावर फिरवून आणतात. फोर बाय फोरच गाडी मागावी, जोतिबाच्या घाटात न्यावी आणि डांबर सोडून कच्च्या जागेवर लो रेंज स्वतःच्या हाताने लावून पाहावी.

भावाची गोष्ट इथून सुरू होते. स्कॉर्पिओ-एनचे बुकिंग जुलै २०२२ मध्ये उघडले तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात एक लाख गाड्या नोंदल्या गेल्या. उलट जिम्नी जून २०२३ मध्ये आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्या किमतीत मोठी सूट द्यावी लागली. फोर बाय फोर दोन्हींत मिळते. तेव्हा सवलत ठरते ती गोदामात किती गाड्या पडून आहेत त्यावर. ‘साहेब, फोर बाय फोरला डिस्काउंट कुठनं देणार, गाडीच न्हाई की आमच्याकडं,’ असे एका सेल्समनने मला सरळ सांगितले. तो खरे बोलत होता. म्हणून मी एक्स-शोरूम किमतीवरचा वाद तिथेच सोडला आणि त्याच्याकडून ऑन-रोड कोटेशन ओळीनिशी, सही-शिक्क्यासह मागून घेतले. आमचा धंदा उद्यमनगरातला, कास्टिंगचा. तिथे कोणताही गिऱ्हाईक एकगठ्ठा दर मान्य करत नाही, पॅटर्न वेगळा, मशिनिंग वेगळे, वाहतूक वेगळी मांडून मागतो. गाडी घेताना आपण ही सवय का सोडतो, कळत नाही.

कोटेशनवर पहिल्यांदा जीएसटीची ओळ पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा उपकर गेला आणि एकच ४० टक्के दर आला. पूर्वी कर आणि उपकर मिळून हा भार ४५ ते ५० टक्क्यांच्या घरात होता. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोलला १२०० सीसी किंवा डिझेलला १५०० सीसीच्या मर्यादेतल्या गाड्यांना १८ टक्के. जिम्नी लांबीत बसते, पण तिचे इंजिन १४६२ सीसीचे पेट्रोल असल्यामुळे तिलाही ४० टक्केच. त्या कपातीमुळे कमी झालेली किंमत कोणी ‘आमच्याकडून सूट’ म्हणून दाखवत असेल, तर ती सूट सरकारची आहे, डीलरची नव्हे.

रोड टॅक्सची ओळ त्याहून महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या डिझेल गाडीला १० लाखांपर्यंत १३, १० ते २० लाखांपर्यंत १४ आणि २० लाखांच्या वर १५ टक्के कर लागतो. पेट्रोलला प्रत्येक टप्प्यावर २ टक्के कमी. हा दर पूर्ण किमतीवर लागतो, केवळ वरच्या रकमेवर नव्हे. म्हणजे एक्स-शोरूम १९ लाख ९० हजारांच्या डिझेल गाडीला कर २,७८,६०० रुपये, आणि २० लाख १० हजारांच्या गाडीला ३,०१,५०० रुपये. किमतीत फरक वीस हजारांचा, करात जवळपास तेवीस हजारांचा. फोर बाय फोरची वरची व्हेरिएंट याच उंबरठ्याच्या आसपास असतात, त्यामुळे सनरूफ आणि जादा स्पीकरसाठी वरचे व्हेरिएंट घेण्यापूर्वी हा हिशेब कागदावर करावा. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर हाच कर २० टक्के होतो. घसारा मिळतो हे खरे, पण जीएसटीचे क्रेडिट अशा गाडीवर मिळत नाही, म्हणून सीएशी बोलल्याशिवाय गाडी कोणाच्या नावावर घ्यायची ते ठरवू नये. १० लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा केलेला आयकर, लागतो. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात वळता होतो, मात्र पावती आणि पॅन नंबर बरोबर असला पाहिजे.

विम्यात मात्र खरोखर घासाघीस करता येते. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. १५०० सीसीच्या वरच्या गाडीसाठी त्याचा दर जून २०२२ मध्ये २४,५९६ रुपये, अधिक जीएसटी, असा ठरवून दिला गेला, तेव्हा त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र कंपनीगणिक बदलतो आणि विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. मी तेच कव्हर, तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) धरून बाहेरून कोटेशन आणले आणि टेबलावर ठेवले. दहा मिनिटांत शोरूमचा आकडा खाली आला. कोल्हापुरात इंजिन प्रोटेक्ट हे कलम मात्र गाळू नये. इंजिनात पाणी शिरून ते बसले, तर साधी पॉलिसी हात वर करते.

‘हँडलिंग चार्जेस’ नावाची ओळ दिसली की ती काढायला सांगावी. कशाबद्दल, याचे समाधानकारक उत्तर मला एकाही ठिकाणी मिळाले नाही, आणि ठामपणे विचारल्यावर ती बहुतेक ठिकाणी गेली. अॅक्सेसरीजच्या पॅकऐवजी वाढीव वॉरंटी मागावी. पुढचा लोखंडी बुलबार तर घेऊच नये, केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच त्याला मनाई केली आहे. आपल्याकडे तो अजूनही हौसेने बसवून मिळतो, हा भाग वेगळा.

कर्जाचेही तसेच. डीलरने सुचवलेल्या बँकेचा दर आणि आपल्या बँकेचा दर यांत अर्धा टक्का फरक असला, तर १५ लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जावर तो सुमारे २२ हजारांचा होतो. जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची असेल तर ती गोष्ट नव्या गाडीचा दर कागदावर येईपर्यंत काढूच नये. दोन्ही व्यवहार एकत्र झाले की एका खिशातून दिलेले दुसऱ्या खिशातून परत जाते. बाहेर विकणार असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका, आरसीवरचे नाव बदलल्याची खात्री करा.

शेवटची अट मी बुकिंगच्या पावतीवरच लिहून घेतली होती : चेसिस नंबर कळल्यावर, पासिंगच्या आधी, गाडी यार्डात दिवसाच्या उजेडात पाहणार. एमएच-०९ चा नंबर एकदा पडला की गाडी नाकारणे जवळपास अशक्य होते. यार्डात चेसिस नंबरवरून उत्पादनाचा महिना विचारला. टायरवरचे चार आकडे वाचले, त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. लो रेंज लावून गाडी दहा फूट पुढे-मागे घेतली आणि स्टेपनी खाली उतरवून पाहिली. डावीकडच्या मागच्या दाराखाली रंगाचा एक ओरखडा निघाला, तो त्यांनी लेखी कबूल करून दुरुस्त करून दिला. उरलेली रक्कम त्यानंतर, चेसिस नंबर घातलेल्या बिलावर, बँकेतून दिली.